आधी फरक, मग निवड

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. वर्गात सगळी मुलं माना डोलावत होती आणि पेपरात निम्म्या जणांनी लिहिलं की जिराफाला उंचावरची पानं खायची होती म्हणून त्याची मान लांब झाली, आणि आता तू विचारतेयस की उत्क्रांतीचा हा धडा सातवीला जडच आहे का, व्याख्या पाठ करून घेऊन पुढे सरकावं का. अजिबात नाही! मुलांमध्ये काही कमी नाही. तू थेट नैसर्गिक निवडीपासून, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जीव टिकतात आणि त्यांचीच पिल्लं वाढतात यापासून, सुरुवात केलीस आणि निवड ज्यातून व्हायची तो एकाच जातीच्या जीवांमधला जन्मजात फरक त्यांना दिसलाच नव्हता.

आधी फरक, मग निवड. हे मी इतक्यांदा सांगणार आहे की तुला कंटाळा येईल, येऊ दे.

आणि त्या उत्तरावर नुसती लाल फुली मारू नकोस गं. मान ताणून ताणून लांब होते आणि तशीच पिल्लांना मिळते, असं फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कनेही १८०९ मध्ये मांडलं होतं आणि तो चांगला अभ्यासू माणूस होता. आपल्याला गरजेतून विचार करायची सवय असते, ती एका तासात जात नाही.

डॅफ्ने मेजरची गोष्ट सांग, पण घाई न करता. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी एक छोटंसं बेट. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं १९७३ पासून तिथे फिंच नावाचे छोटे पक्षी पकडून त्यांच्या चोची मोजायचे, पायात कडी घालायचे आणि सोडून द्यायचे. १९७७ ला पाऊसच झाला नाही. बारीक मऊ बिया संपल्या, उरल्या त्या मोठ्या आणि टणक, त्या फोडायला जाड चोच लागते. बहुतेक पक्षी मेले. जगले त्यांच्या चोची सरासरी साधारण अर्ध्या मिलिमीटरने जाड होत्या. इथे थांब आणि विचार, दुष्काळात एका तरी पक्ष्याची चोच वाढली का? मुलं आधी हो म्हणतील, म्हणू दे. मग सांग की जाड चोचीचे पक्षी दुष्काळाआधीही बेटावर होते, त्यांची मापं आधीच वहीत लिहिलेली होती. फरक आधीच होता. पिल्लांच्या चोची आईबापांवर गेल्या म्हणून पुढची पिढीही जाड चोचीची निघाली. आणि १९८३ चा एल निनो विसरू नकोस, तिथला समुद्र तापला की आपल्याकडे पाऊस कमी होतो पण तिथे उलट, धो धो पाऊस पडला, बारीक बिया भरपूर झाल्या आणि पुढच्या काही वर्षांत लहान चोचवाले फायद्यात राहिले. हे सांगितलं नाहीस तर मुलांना वाटतं उत्क्रांती म्हणजे कायम वरच्या पायरीवर चढत जाणं.

कागदी ठिपक्यांचा खेळ तू घेतलास ते छान, पण खेळाआधी मोजायला लावलंस का? रंगीत नक्षीच्या कापडावर ठिपके पसरायच्या आधी प्रत्येक गटाने कुठल्या रंगाचे किती ते वहीत लिहायचं. मग 'पक्ष्यांनी' दिसतील ते भराभर उचलायचे, उरलेल्या प्रत्येक ठिपक्याला त्याच रंगाचं एक पिल्लू द्यायचं, आणि परत मोजायचं. तीन फेऱ्यांत आकडे बदललेले दिसतात. तेव्हा विचार, एका तरी ठिपक्याने रंग बदलला का? वर्ग एकदम गप्प होतो बघ.

आणि कृपा करून फरक दाखवायला एकाच झाडाची पानं मोजायला देऊ नकोस. त्या पानांमधला फरक ऊन-सावलीचा असतो, तो पुढच्या पिढीत जात नाही, आणि निवडीला उपयोगाचा असतो तो आनुवंशिक फरक. हे मी किती जणांना सांगितलं, तरी दरवर्षी तीच पानं फळ्यावर चिकटवलेली दिसतात.

कुणी हुशार पोरगी विचारेल की कशावरून फरक आधीच होता? तिला जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या बॅक्टेरियाच्या अभ्यासकांचा १९५२ चा प्रयोग सांग. बॅक्टेरियाच्या बशीवर मखमल टेकवून वसाहतींचा, म्हणजे बॅक्टेरियाच्या पुंजक्यांचा, ठसा उचलला आणि तोच ठसा बॅक्टेरिया मारणारं औषध घातलेल्या बशांवर उमटवला. तग धरणाऱ्या वसाहती प्रत्येक बशीत त्याच त्याच जागी आल्या. म्हणजे औषधाशी गाठ पडायच्या आधीच त्या तशा होत्या.

पोर्शनचं म्हणशील तर माझ्याबद्दलही कायम तक्रार होती की मी फरकावरच तास घालवते. घालवायचेच. ज्या वर्गांचा पोर्शन वेळेत संपायचा तिथली मुलं नववीत माझ्याकडे यायची आणि जिराफाचं तेच उत्तर द्यायची, मग संपवला म्हणजे नक्की काय केलं? आज पुन्हा शिकवायला उभी राहिले तरी मी तेच करेन. खंत एवढीच आहे की मीटिंगमध्ये हे ठणकावून बोलले नाही. तू बोल.

माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून का आहेत, हा प्रश्न येणारच, टाळू नकोस. चिंपांझी आपले आजोबा नाहीत, चुलत भावंडं आहेत, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी दोघांचे पूर्वज एकच होते. एवढं पुरे, त्यावर अख्खा तास घालवू नकोस.

व्याख्येचा प्रश्न पेपरातून काढून टाक. त्याऐवजी विचार: दुष्काळाआधी बेटावर जाड चोचीचे पक्षी होते का, तुम्हाला काय वाटतं आणि का? उत्तरं आली की नावं झाकून मला फोटो पाठव, 'का'च्या पुढे काय लिहिलंय ते मला बघायचंय.