निवेदकाचं प्रांजळ आत्मचरित्र वाचताना त्यातलं किती खरं धरावं?

मुंबई आकाशवाणीवरच्या एका जुन्या निवेदकाचं आत्मचरित्र हाती आलंय आणि त्यातले सुरुवातीचे दिवस कितपत खरे मानायचे, असं तुम्ही विचारलंय.

आधी आतलं शीर्षकाचं पान बघा. तिथे ‘शब्दांकन’ म्हणून दुसऱ्याचं नाव असेल, तर आठवणी निवेदकाच्या पण वाक्यं दुसऱ्याची. मजकूर आधी सदर म्हणून छापून आला असेल, तर एकच किस्सा दोनदा येतो, वर्षंही मागेपुढे होतात. त्याला खोटेपणा म्हणू नका.

मग पेन्सिलीने समासात वर्षं मांडत चला. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर सिनेमाची गाणी बंद झाली. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ची, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चं. १९७० साली मुंबईत टीव्हीवर झळकल्याची आठवण असेल, तर ते वर्ष चुकलंय. उलट, रेडिओ सिलोनवर लागणाऱ्या, हिंदी सिनेगीतांच्या ‘गीतमाले’चं रेकॉर्डिंग मुंबईत पाहिलं, हे सहज खरं असू शकतं. अमीन सयानी ती इथेच रेकॉर्ड करत, टेप कोलंबोला जात.

अशा चुका होण्याचं मोठं कारण म्हणजे टेप. टेप महाग, म्हणून कार्यक्रम वाजला की पुसून तीच पुन्हा वापरायची. लेखकापाशी स्वतःचा तेव्हाचा आवाजच उरत नाही, उरते ती आठवण. पडताळायचंच असेल तर ग्रंथालयात त्या काळची वर्तमानपत्रं काढा. आकाशवाणीचे रोजचे कार्यक्रम त्यांत वेळेसकट छापून यायचे.

प्रांजळपणाची परीक्षा मात्र तारखांत होत नाही. दिवंगत साहेबांवर टीका करणं सोपं. कंत्राट किती महिन्यांचं होतं, हातात किती पैसे पडायचे, आणीबाणीत समोर आलेलं काय वाचलं, हे लिहिलंय का ते बघा. उच्चारांबद्दलही बघा. ‘चमचा’तला च आणि ‘चित्र’मधला च वेगळा. घरची बोली निराळी असेल तर असे उच्चार घासूनपुसून घ्यावे लागतात. आवाजाच्या चाचणीत नापास झाल्याचं आणि नेमकं कुठे अडलं ते ज्याने लिहिलंय, त्याच्या बालपणाच्या प्रकरणावर मी जास्त विश्वास ठेवेन.

आणि एखादं पान मोठ्याने वाचून पाहा. निवेदकाने स्वतः लिहिलेलं वाक्य सहसा एका श्वासात संपतं.