वाचनालयासाठी पुस्तकं घेताना वाईट शेरे किती मनावर घ्यावेत?

तुम्ही कुडाळच्या छोट्या वाचनालयाची खरेदी बघता, ऑनलाइन एक-दोन तारे दिसले की पुस्तक यादीतून उडवता; हे बरोबर का, असं विचारलंयत. शिवाय गावातल्या नव्या लेखकाबद्दल खरं लिहिलं तर त्याचं नुकसान होईल का, हेही.

उडवू नका. उलट वाईट शेरेच आधी वाचा. 'अप्रतिम, संग्रही हवंच' यातून हाती काही लागत नाही. नावं ठेवणारा सहसा कारण सांगतो, ते आपल्या वाचकांना लागू पडतं का एवढंच बघायचं. 'मालवणी संवाद कळले नाहीत' ही नागपूरकराची तक्रार रास्त असेल, कुडाळात तिचं काय? माशांच्या पाककृतींच्या पुस्तकाला 'तिरफळं आणायची कुठून?' म्हणून कुणी एकच तारा दिला तर खुशाल घ्या, हा कोकणातलाच मसाला. 'तिखल्यात (माशांच्या दाटसर, तिखट कालवणात) पाणी किती ते दिलेलंच नाही' असं असेल तर मात्र थांबा.

दोन-तीन ताऱ्यांपासून सुरुवात करा, पाचवाले शेवटी. कुरिअर उशिरा आलं वगैरे रडगाणी सोडून द्या, पण बांधणीची तक्रार सोडू नका. नुसती गोंदाने चिकटवलेली पुस्तकं आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात फुगतात, कणा उलतो, आणि चार हातांतून फिरली की पानं सुटतात. दोघा-तिघांनी 'पानं निसटली' लिहिलं असेल तर शिवलेली प्रत मिळते का विचारा. नाहीतर आल्या आल्या बाइंडरकडे द्या आणि तो खर्च किमतीत धरा.

स्तुतीत तारखा बघा. प्रकाशनाच्या आठवड्यात पाच ताऱ्यांचा पाऊस आणि पुढे सामसूम, म्हणजे बहुतेक समारंभाला आलेली मंडळी! मलपृष्ठावरचंच वाक्य उचललेलं असेल तर तेही धरू नका.

राहिला नवा लेखक. न्यूयॉर्क टाइम्समधल्या परीक्षणांवरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. वाईट परीक्षणानंतर नामवंतांची विक्री सुमारे १५ टक्के घटली, अनोळखी लेखकांची मात्र सुमारे ४५ टक्के वाढली. वाचक टीका विसरतात, नाव डोक्यात राहतं. बाजार तिकडचा, तेव्हा आकडे इथे जसेच्या तसे लावू नका. लिहाल तेव्हा पान क्रमांक द्या. चूक सनावळीची किंवा गावाच्या नावाची असेल तर आधी लेखकाला कळवा, पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त करता येते.