तुमचे प्रश्न: बालवर्गात सामोअन भाषा

प्रश्न: ऑकलंडमधल्या एका बालकेंद्रात मी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शिकवते. गटात सामोअन, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरून आलेल्या, घरांतली मुलं आहेत. न्यूझीलंडमधला सामोअन भाषा सप्ताह आला की झेंडे, माळा, एखादं गाणं, एवढ्यावर भागतं. खरी भाषा कशी आणू? उच्चार चुकण्याचीही धास्ती वाटते.

उत्तर: सप्ताह साधारण १ जूनच्या, म्हणजे सामोआच्या स्वातंत्र्यदिनाच्या आसपास येतो, तुम्ही मात्र दोन महिने आधी, एका वेळी तीनच शब्द घेऊन सुरुवात करा. दारात 'तालोफा' (नमस्कार), खाऊ मागताना 'फा'आमोलेमोले' (कृपया), हातात मिळाल्यावर 'फा'आफेताई' (धन्यवाद). रोज त्याच जागी, त्याच क्षणी. भिंतीवर चिकटवलेले वीस शब्द मूल वाचत नाही. खाऊच्या ताटाशी ऐकलेला एक शब्द ते घरी घेऊन जातं.

चौथा शब्द 'तुलोउ' (माफ करा), आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा. चटईवर बसलेल्या माणसांसमोरून जाताना पाठ वाकवायची, एक हात खाली सोडायचा आणि हळू आवाजात 'तुलोउ' म्हणायचं. 'फा'आआलोआलो' म्हणजे आदर, तो इथे शरीरासकट शिकता येतो. बिघडतं ते मोठ्यांमुळे. शिक्षिकाच घाईघाईत मुलांच्या मधून ताठ चालत गेली, तर मुलंही दोन दिवसांत सोडून देतात.

आता उच्चार. सामोअन रोमन लिपीत लिहितात, तिच्यातला 'जी' (g) हा आपला ङ आहे. म्हणून भाषेला 'ङाङाना' म्हणायचं, 'गागाना' नव्हे. 'वाङ्मय' म्हणणाऱ्या जिभेला हा आवाज नवा नाही. शब्दाच्या सुरुवातीला तो काढायचा सराव तेवढा हवा. स्वल्पविरामासारखी उलटी खूण दिसली की घसा क्षणभर बंद करायचा, आपण नकार देताना 'अं-अं' म्हणतो तसा. ती खूण गाळली तर अर्थ बदलतो: 'फाई' म्हणजे करणे, 'फा'ई' म्हणजे केळं. देवनागरीतली अडचण एकच. ऱ्हस्व 'अ' शेवटी लिहिला तर आपण तो वाचतच नाही, म्हणून तिथे काना द्यावा लागतो आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पुसला जातो. 'तामा' (मुलगा) आखूड म्हणा. 'तामाऽ' (वडील) म्हणताना शेवटचा स्वर ताणा. फोनवर एखाद्या आजीच्या आवाजात दहा शब्द घ्या आणि आमच्या लिपीपेक्षा त्या आवाजावर विश्वास ठेवा. घरच्या बोलीत 'त'चा 'क' होतो, 'फा'आफेकाई' असं ऐकू येईल. मुलाला टोकू नका, ते चूक बोलत नाहीये. केंद्रात तुम्ही 'त'चं रूप वापरा. चर्चमध्ये आणि शाळेत तेच चालतं.

प्रश्न: हस्तकलेत नेहमी कागदी फुलांच्या माळा होतात. आणखी काय करता येईल?

उत्तर: सिआपो करा. हे झाडाच्या सालीचं कापड. त्याच्या एका प्रकारात कोरीव पाटीवर, म्हणजे ''उपेती'वर, कापड अंथरून रंग घासतात, म्हणजे नक्षी वर उमटते. म्हणून मेणखडूने घासकाम करणं हे नुसतं नकली चित्र ठरत नाही, कृती तीच राहते. जाड पुठ्ठ्याचे वीस सेंटिमीटर बाजूचे चार चौकोन करा. प्रत्येकात सुतळी डिंकाने चिकटवून एकच आकृती करा: पानं, तारामासा, जाळं. रात्रभर वाळू द्या. ओला डिंक सुतळी सरकवतो आणि कागद फाटतो. वर पातळ तपकिरी कागद टाकून दोन कोपरे चिकटपट्टीने बांधा. खडूचा कागदी वेष्टन काढलेला तुकडा आडवा धरून घासायला द्या. टोकाने घासलं तर नुसत्या रेघा येतात. रंग तपकिरी आणि काळा पुरे.

माळ ('उला) करायची असेल तर तीन वर्षांखालच्या मुलांना मणी किंवा बिया देऊ नका, घशात अडकतात. दोऱ्याची गाठ घट्ट मारण्याऐवजी टोकं कागदी पट्टीने जोडा, म्हणजे ओढ बसताच माळ सुटेल. झोक्यावर आणि घसरगुंडीवर ती गळ्यात नको.

एक गोष्ट मात्र करू नये. स्केचपेनने मुलांच्या अंगावर गोंदण काढणं टाळा. पुरुषांचा पे'आ आणि स्त्रियांचा मालू हे मोठ्या मानाचे आहेत, ते सजावटीला वापरायचे नाहीत.

बैठा नाच, सासा, हौसेने करा: गुंडाळलेली चटई दोन काठ्यांनी वाजवा, मुलं मांडी घालून ओळीत. पहिल्या आठवड्यात फक्त टाळी आणि मांडीवर थाप. ताल सुरुवातीलाच वाढवला तर मागची ओळ थांबून बघत बसते.

प्रश्न: आमच्या मुलीला घरी मराठी, केंद्रात इंग्रजी, आता सामोअनही. गोंधळ होणार नाही ना?

उत्तर: नाही. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द येणं ही बहुभाषिक घरातली नेहमीची गोष्ट आहे. तुम्ही मराठी सोडू नका, तीच तुमची बाजू. केंद्रातले आकडे घरी मराठीशी जोडा: एक 'तासी', दोन 'लुआ', तीन 'तोलू', चार 'फा', पाच 'लिमा'. 'लिमा' म्हणजे हातही. तिने पंजा उघडून 'लिमा' म्हटलं, तर तिला पाच म्हणायचं आहे की हात, हे तिलाच विचारा.