सिझरनंतरचे पहिले पंधरा दिवस

अगं, सरळ उठून बसायचा प्रयत्न करू नकोस, टाक्यांवर सगळा ताण येतो. आधी गुडघे दुमड, कुशीवर वळ, पाय पलंगावरून खाली सोड आणि हाताच्या रेट्याने उठ. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की छोटी उशी टाक्यांवर घट्ट दाबून धर.

दुखणं असह्य झाल्यावर गोळी शोधू नकोस. डॉक्टरांनी सहा-आठ तासांनी सांगितली असेल तर घड्याळ लावून घे. पॅरासिटॅमॉल अंगावर पाजतानाही चालते. ‘सोसायचं असतं’ म्हणणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष कर.

मुंबईच्या दमट हवेत खरी डोकेदुखी जखमेची. पोटाची घडी टाक्यांवर लोंबते आणि घाम तिथेच साचतो. आंघोळीनंतर घडी वर उचलून स्वच्छ सुती कापडाने टिपून घे, चोळू नकोस. पंख्याखाली पाच मिनिटं पडून राहा. हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. शेक-शेगडी पाठीला ठीक, टाक्यांना नाही. पोटपट्टा घाम कोरडा झाल्यावरच बांध.

कुंथावं लागू नये म्हणून पाणी भरपूर पी. चाळीत लिफ्ट नसेल तर दिवसातून एकदाच जिना. बाळाहून जड काही सहा आठवडे उचलू नकोस, पाण्याची कळशी तर नाहीच.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, टाक्यांतून पू, बसल्यावर वाढणारी आणि आडवं पडल्यावर थांबणारी डोकेदुखी: त्याच दिवशी डॉक्टर. तासाभरात पॅड भिजलं, एकाच पोटरीला सूज आली, धाप लागली किंवा डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर थेट १०८ ला फोन.