प्लाझ्मातील लाट आणि चुंबकाचा पाट

प्रश्न : लेझरचा तीव्र स्पंद प्लाझ्मातून गेला की टेराहर्ट्झ प्रारण मिळते आणि त्यासाठी प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात ठेवतात, असे वाचनात आले. पण चुंबकीय बल विद्युतभारावर कार्य करत नाही, म्हणजे त्याला ऊर्जा देत नाही, असे आम्हाला शिकवले आहे. मग ही ऊर्जा येते कोठून? आणि असा किरणोत्सर्ग शरीराला घातक असतो का?
— पदवीची एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : तुम्हाला शिकवले आहे ते बरोबरच आहे. ऊर्जा सगळी लेझरचीच असते. चुंबकाकडे काम दुसरे आहे.

पिकोसेकंदाहूनही (सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाहूनही) कमी काळ टिकणारा स्पंद वायूत शिरला की अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात (अशा वायूलाच प्लाझ्मा म्हणतात) आणि प्रकाशाच्या दाबाने बाजूला ढकलले जातात, जड आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) मात्र जवळजवळ जागीच राहतात. स्पंद पुढे सरकताच आयनांच्या ओढीने इलेक्ट्रॉन परत फिरतात, वेगाच्या भरात मूळ जागा ओलांडतात, पुन्हा ओढले जातात, आणि तापीतून नाव गेल्यावर मागे लाटा उठाव्यात तशी स्पंदामागे प्लाझ्मालाट उमटते. या लाटेवर इलेक्ट्रॉनांना वेग देण्याची कल्पना ताजिमा आणि डॉसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडली होती. लाटेची वारंवारता मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरते. एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे १२,४०० लाख कोटी इलेक्ट्रॉन असतील, तर ती १ टेराहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपने, होते.

अडचण पुढेच आहे. ही लाट अनुतरंग असते (कंपन लाटेच्याच दिशेने), प्रकाश अवतरंग (कंपन दिशेला काटकोनात); शिवाय थंड, एकसारख्या प्लाझ्मात तिची ऊर्जा जागची हलत नाही. पांझरा नदीवरचे फड (पाटाच्या पाण्यावरील शेतांचा पट्टा) पद्धतीचे बंधारे तुम्ही पाहिले असतील : बंधाऱ्यामागे पाणी कितीही तुंबले तरी पाट काढल्यावाचून ते फडात पोहोचत नाही, आणि पाट काही पाणी निर्माण करत नाही. लाटेच्या दिशेला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले की पुढे-मागे हलणारे इलेक्ट्रॉन बाजूलाही वळतात, लाटेत अवतरंगाचा अंश येतो, तिची ऊर्जा प्लाझ्माच्या कडेकडे सरकू लागते आणि तेथून प्रारण होऊन निर्वातात बाहेर पडते. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे सैद्धांतिकरीत्या दाखवले आणि पुढे जपानमधील प्रयोगात असे प्रारण आढळले.

क्षेत्र किती हवे? १ टेस्लात (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे २८ अब्ज फेऱ्या घेतो, म्हणजे १ टेराहर्ट्झची बरोबरी करायला ३६ टेस्ला लागतील. एवढे क्षेत्र नसले तरी चालते. प्रारण तेवढे क्षीण मिळते.

आता शब्दाविषयी. ‘किरणोत्सर्ग’ म्हटले की वाचकाला अणुभट्टी आठवते, म्हणून येथे ‘प्रारण’ हाच शब्द योग्य. १ टेराहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.००४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. अणूतून इलेक्ट्रॉन काढायला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणून या फोटॉनला ते जमत नाही. कोरडा कागद आणि कापड हे प्रारण पार करते, पाण्यात मात्र ते झपाट्याने शोषले जाते. म्हणूनच केळीसारख्या पिकाच्या पानातील ओलावा त्याने मोजता येतो, आणि आपल्या शरीरात ते त्वचेच्या फारसे खाली उतरत नाही. जपायचे असते ते मूळ लेझरपासून : त्याचा परावर्तित झोतही डोळा निकामी करू शकतो, आणि तोच स्पंद धातूवर पडला तर क्ष-किरण निघतात.