तीन बंदुका आणि एका पानाचे नियम

प्रश्न : मी टेक्ससमध्ये ऑस्टिनजवळ राहतो आणि गेली सहा वर्षे इथल्या एका नेमबाजी क्लबचा सभासद आहे. आमच्याकडे पिस्तुलाची मासिक स्पर्धा नियमित होते. येत्या हिवाळ्यापासून रायफल, शॉटगन आणि पिस्तूल अशा तिन्ही शस्त्रांची ‘मल्टिगन’ स्पर्धा दरमहा भरवावी असे कार्यकारिणीने ठरवले असून जबाबदारी माझ्याकडे दिली आहे. मात्र क्लबात दोन तट पडले आहेत. काहींना यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेची नियमावली जशीच्या तशी हवी आहे, तर काहींना आपले नियम आपणच करायचे आहेत. गुणांकनावरही एकमत होत नाही. सुरुवात कुठून करावी? — एक वाचक, टेक्सस

उत्तर : नियमावली कोणाची, यावरून आपल्याकडे वाद पेटला आहे खरा, पण तो प्रश्न दुसरा आहे. आपल्या मैदानावर काय झेपेल, हा पहिला. ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मल्टिगनमध्ये स्पर्धक एका जागी उभा राहून नेम धरत नाही. आखून दिलेल्या मार्गाने, ज्याला सगळे ‘स्टेज’ म्हणतात, तो धावत जातो, वाटेत कागदी आणि पोलादी लक्ष्यांवर गोळ्या झाडतो, एक शस्त्र ठरलेल्या जागी ठेवून दुसरे उचलतो, आणि हे सारे टायमरच्या काट्यावर चालते. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात रायफल एक आणि शरीराच्या स्थिती तीन असतात. इथे शस्त्रे तीन आणि स्थितींचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

तेव्हा नियमावली उघडण्यापूर्वी एका शनिवारी सकाळी वही घेऊन मैदानावर फेरी मारा. तिन्ही बाजूंनी मातीचे बांध असलेले कप्पे किती आहेत, त्यांतला सर्वांत लांब कप्पा किती यार्डांचा आहे, रायफलसाठी निदान १०० यार्ड सरळ मिळतात का, आणि टायमर हाती घेऊन स्पर्धकाच्या खांद्यामागे उभे राहू शकतील असे भरवशाचे रेंज ऑफिसर किती आहेत, एवढे नोंदवून घ्या. शेवटचा आकडा बहुतेक क्लबांत लाजिरवाणा निघतो. तो चार किंवा त्याहून कमी निघाला, तर पहिले तीन-चार महिने शॉटगन बाजूला ठेवून रायफल आणि पिस्तूल अशी दोन शस्त्रांचीच स्पर्धा भरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नवख्या माणसाचा गोंधळ शॉटगन भरताना सर्वाधिक होतो, आणि धावपळीत काडतुसे शोधणाऱ्या त्या दोन हातांवर लक्ष ठेवायला अनुभवी डोळा लागतो. क्लबाच्या विम्याचे कागदही याच वेळी वाचून घ्या. भरलेले शस्त्र हाती घेऊन हालचाल करण्याला विमा लागू आहे की नाही, हे पहिल्या स्पर्धेच्या आधी कळलेले बरे.

आता नियमावलीकडे. आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल नेमबाजी महासंघ १९७६ मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया या गावी स्थापन झाला आणि १९८४ मध्ये त्याची अमेरिकी शाखा म्हणून यूएसपीएसए उभी राहिली. तिची मल्टिगनसाठी वेगळी नियमावली आहे, प्रशिक्षित रेंज ऑफिसरांची व्यवस्था आहे, आणि शंका आली तर विचारायला कोणी तरी आहे. ही तिची खरी किंमत. दुसरीकडे, या खेळातल्या कितीतरी मोठ्या स्पर्धा वर्षानुवर्षे कोणत्याही संघटनेशी न जोडता आपापल्या नियमांनी भरत आल्या आहेत. अशा स्पर्धांना खेळाडू कौतुकाने ‘आउटलॉ’ म्हणतात. तेव्हा आपल्या क्लबातल्या दुसऱ्या तटाची मागणी परंपरेला धरूनच आहे. तरीही त्यांनी कोऱ्या कागदावरून सुरुवात करू नये. एखादी प्रस्थापित नियमावली अख्खी स्वीकारावी आणि आपले बदल एका पानावर, एका पानापेक्षा जास्त नाहीत, असे लिहून नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाला द्यावेत. पान भरून वाहू लागले, तर नियमावलीची निवड चुकली आहे असे समजावे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. ॲरिझोनात मी ज्या क्लबात अशी स्पर्धा भरवत असे, तिथे आम्ही मोठ्या हौसेने सगळे नियम स्वतः लिहिले होते. त्यात एक वाक्य होते : ‘स्पर्धकाने रायफल सेफ्टी लावूनच पिंपात ठेवावी.’ दिसायला निर्दोष; सेफ्टी म्हणजे चाप रोखून धरणारी कळ, आणि पिंप म्हणजे वापरून झालेले शस्त्र ठेवण्याची जागा. दुसऱ्याच महिन्यात एका ज्येष्ठ सभासदाच्या एआर-१५ रायफलचे मॅगझिन (काडतुसांची पेटी) रिकामे झाले, पण जुन्या मॅगझिनमुळे बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा भाग, मागे अडकला नाही. त्यांनी चाप ओढला, ‘खट्’ असा कोरडा आवाज आला, आणि त्यांनी रायफल पिंपात ठेवून पिस्तूल काढले. रेंज ऑफिसरने पिंपात डोकावून पाहिले. सेफ्टी लागलेली नव्हती. गृहस्थ बाद. अडचण अशी की एआर-१५ चा हॅमर, म्हणजे चाप ओढल्यावर आघात करणारा भाग, पडलेला असताना सेफ्टी लागतच नाही, तशी तिची रचनाच नाही. शस्त्र पूर्ण रिकामे, म्हणजे सर्वांत सुरक्षित अवस्थेत होते, आणि आमच्याच नियमाने ते असुरक्षित ठरले होते. दुपारभर वाद चालला आणि पुढच्या महिन्यात चार माणसे आलीच नाहीत. जुन्या नियमावल्यांत हे वाक्य ‘एक तर पूर्ण रिकामे, नाही तर सेफ्टी लावलेले’ अशा दुहेरी पर्यायाने लिहिलेले असते, कारण कोणी तरी आमच्याआधी हीच ठेच खाल्लेली आहे.

शस्त्र ठेवून देण्याच्या या नियमाला आपल्या एका पानात पहिली जागा द्या. पिंपे स्थिर हवीत, त्यांची तोंडे अशी हवीत की ठेवलेल्या शस्त्राची नळी सुरक्षित दिशेलाच राहील, आणि ठेवलेल्या शस्त्राच्या पुढे कोणालाही जाता येऊ नये अशी मार्गाची आखणी हवी. पिस्तुलाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. आजकाल ग्लॉकसारखी, अंगठ्याने लावायची सेफ्टी नसलेली पिस्तुले सर्रास दिसतात. ती भरलेल्या अवस्थेत पिंपात टाकायची म्हणजे ‘सेफ्टी लावलेले’ हा पर्यायच उरत नाही. सुरुवातीचे काही महिने प्रत्येक स्टेज पिस्तुलावरच संपेल अशी आखा, प्रश्नच मिटतो. स्टेज थोड्या एकसुरी होतील, होऊ द्या.

गुणांकनाच्या वादात दोन्ही तटांचे थोडे बरोबर आहे. यूएसपीएसएची मूळ पद्धत मिळालेल्या गुणांना वेळेने भागण्याची, म्हणजे ‘हिट फॅक्टर’ची. मल्टिगनमध्ये जास्त रुळलेली पद्धत म्हणजे लागलेली वेळ अधिक दंडाचे सेकंद. कागदी लक्ष्यावर मधल्या भागात एक किंवा कुठेही दोन गोळ्या लागल्या की ते लक्ष्य टिपले गेले, तसे न झाल्यास ठराविक सेकंद वाढवायचे. स्थानिक स्पर्धेसाठी ही दुसरी पद्धत घ्या. लक्ष्यापाशी उभे राहून कोणालाही हिशेब कळतो. खरा पेच पुढे येतो : सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज करायची, की प्रत्येक स्टेजच्या विजेत्याला १०० गुण देऊन बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात द्यायचे? समजा एका छोट्या स्टेजला विजेत्याला ३० सेकंद लागले आणि आपली शॉटगन अडकल्याने आपल्याला ४५. प्रमाणाच्या पद्धतीत आपल्याला ६६.६७ गुण, म्हणजे ३३ गुणांचा फटका. तीच शॉटगन तेवढेच १५ सेकंद एखाद्या लांब स्टेजवर अडकली, जिथे विजेत्याला १२० आणि आपल्याला १३५ सेकंद लागले, तर गुण ८८.८९, म्हणजे फटका ११ चा. बेरजेच्या पद्धतीत दोन्हीकडे नुकसान सारखेच, १५ सेकंद; पण तिथे लांब स्टेज सगळ्या स्पर्धेवर स्वार होते आणि दूरवरच्या दोन पोलादी पाट्या न लागलेल्या माणसाला छोट्या स्टेजवर काहीच भरून काढता येत नाही. आपल्या स्टेज साधारण एकाच लांबीच्या असतील तर बेरीज करा. लांबी कमी-जास्त असेल तर प्रमाण घ्या. दोन्ही हिशेब प्रॅक्टिस्कोअर हे ॲप टॅबलेटवर जागच्या जागी करून देते, त्यामुळे ‘गणित अवघड’ ही सबब चालणार नाही. प्रत्येक स्टेजला कमाल वेळही ठरवा, नाही तर एक हट्टी पाटी अख्ख्या स्क्वॉडला, म्हणजे स्पर्धकांच्या तुकडीला, उन्हात उभे करते.

विभागांचा मोह टाळा. राष्ट्रीय पातळीवर ओपन, टॅक्टिकल, लिमिटेड, हेवी मेटल असे बरेच विभाग असतात. पंचवीस माणसांत सहा विभाग केले की बक्षीस न मिळालेला माणूस शोधावा लागतो. दोन पुरेत : रायफलवर एकच दुर्बीण किंवा रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारे नेमाचे भिंग) आणि नळीखालच्या मॅगझिनची शॉटगन असलेला एक, आणि बाकी सगळ्यांचा ओपन.

पोलादी लक्ष्यांबाबत मात्र कोणाचीही भीड ठेवू नका. रायफलची गोळी पिस्तुलाच्या पाटीवर जवळून बसली की पाटीला खड्डा पडतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच खड्ड्यातून पिस्तुलाच्या गोळीचे तुकडे उलट नेमबाजाकडे येतात. रायफलच्या आणि पिस्तुलाच्या पाट्यांना वेगवेगळे रंग द्या, रायफलसाठी एआर-५०० हे कठीण पोलाद वापरा, आणि नोंदणीच्या टेबलावर दोरीला बांधलेला एक लोहचुंबक ठेवा. प्रत्येकाच्या रायफलच्या काडतुसाच्या टोकाला तो लावून पाहायचा. चिकटला, म्हणजे गोळीत पोलाद आहे, तर ती काडतुसे परत गाडीत. सुरुवातीला लोक तोंड वाकडे करतात, तिसऱ्या महिन्यापासून आपणहून हात पुढे करतात.

नळी मागच्या बांधाला समांतर अशा १८० अंशांच्या काल्पनिक रेषेच्या मागे आली, शस्त्र हातातून पडले, किंवा नळी स्वतःच्या अथवा दुसऱ्याच्या अंगावरून फिरली, तर स्पर्धक त्या दिवसापुरता बाद. यात ओळखदेख, वय, देणगी काही पाहायचे नाही. ‘लोड अँड मेक रेडी’, ‘आर यू रेडी’, ‘स्टँड बाय’ आणि शेवटी ‘रेंज इज क्लिअर’ हे हुकूम ठरलेल्या शब्दांतच द्यावेत. नवा रेंज ऑफिसर गप्पांच्या सुरात ‘चला, सुरू करा’ असे म्हणाला, तर त्याला बाजूला घेऊन सांगा. आणि एक गोष्ट आपल्याविषयी : आपण स्वतःही स्पर्धेत उतरणार असाल, तर आपल्या स्वतःच्या तक्रारीवर निर्णय कोण देईल त्याचे नाव त्या एका पानावर आधीच लिहून ठेवा.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्राच्या क्लबात अशा स्पर्धेत त्याचीच शस्त्रे घेऊन भाग घेता येईल का? — एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : नुसते मित्राचे शस्त्र आहे म्हणून नाही. १९९८ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, स्थलांतरित नसलेल्या व्हिसावरच्या व्यक्तीने शस्त्र किंवा काडतुसे जवळ बाळगणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि हातात घेणे हेही बाळगण्यातच येते. मालक कोण, याने फरक पडत नाही. याला अपवाद आहेत. आपल्यासाठी त्यातला सर्वांत उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. शिकार करण्याची इच्छा नसली तरी आपले बरेच मराठी मित्र तो याच कारणासाठी काढतात. टेक्ससचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो, हे ध्यानात ठेवा. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारची स्पर्धा आणि खिशात मागच्या वर्षीचा कागद, ही चूक सहज होते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर हे बंधन राहत नाही. आपल्या व्हिसाचा प्रश्न गुंतागुंतीचा असेल तर स्थलांतराच्या वकिलाला विचारूनच मैदानावर जा. आणि वरच्या पत्रलेखकांना विनंती की, नोंदणीच्या अर्जात याविषयी एक ओळ जरूर घालावी. विचारायला संकोचणारा माणूस ती वाचून निदान थांबतो.

प्रश्न : निवृत्तीनंतर पुण्याला परतणार आहे. तिथे हीच स्पर्धा सुरू करता येईल का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : या स्वरूपात नाही. अर्धस्वयंचलित रायफल आणि ९ मिलिमीटरचे पिस्तूल भारतात सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, म्हणजे तिसरी बंदूक तिथेच अडते. आपला वेळ १० मीटर एअर रायफलच्या एखाद्या स्थानिक रेंजवर पंच म्हणून द्या. तिथे टायमर आणि धावपळ नाही, पण नियम वाचून आलेल्या माणसाची टंचाई तिथेही आहे.