मोबाईलवर पिनबॉल फुकट खेळता येतो, मग खरं मशीन बनवायला इतकं अवघड आणि महाग का? आणि ते आपल्याकडे का बनत नाही?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूर-पुण्यात एवढ्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप असताना हे तिथे का होत नाही. त्यावर शेवटी येतो, कारण आधी मशीन उघडून दाखवायला लागेल.

मी पिनबॉल कंपनीत कधी नोकरी केलेली नाही. मी डाय-मोल्डवाला, मूळचा इचलकरंजीचा, बरीच वर्षं शिकागोच्या उपनगरात आहे. हा पट्टा म्हणजे पिनबॉलची पंढरी. गॉटलिब, बॅली, विल्यम्स सगळे इथलेच, आणि आज स्टर्न आणि जर्सी जॅक या दोन्ही कंपन्या एल्क ग्रोव्ह व्हिलेज नावाच्या एकाच गावात आहेत. माझ्या तळघरात 1992 चं 'ॲडम्स फॅमिली' नावाचं पिनबॉल मशीन आहे. बंद पडलेलं घेतलं होतं. ते चालू करता करता जे शिकलो, ते लिहितोय.

लहानपणी तुमच्याकडे लाकडी बॅगाटेल असेल तर पिनबॉलचा पणजोबा तुम्ही पाहिलाय. स्प्रिंगची दांडी ओढायची, गोळी वर जायची, खिळ्यांवर आपटत खाली यायची आणि आपण हात बांधून बघायचं. 1947 साली गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी' मशीनवर फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की झटक्यात फिरणाऱ्या छोट्या पट्ट्या आल्या आणि गोळी उलटी मारता यायला लागली. मजा तिथे सुरू झाली, आणि बनवणाऱ्यांची डोकेदुखीही तिथेच.

मोबाईलमधल्या बॉलला वजन नसतं. खरा बॉल स्टीलचा, 27 मिमी व्यासाचा, 80 ग्रॅमचा. दिवसभर तो त्याच चार-पाच ठिकाणी आपटत राहतो. शिवाय तो जिथे जायला हवा तिथे दर वेळी गेला पाहिजे, तुम्ही नीट मारला असेल तर. चुकीचा मारला तर जाता कामा नये. या दोन वाक्यांतच निम्मं डिझाइन आलं.

हिशोब करून बघा. समजा रॅम्पचं, म्हणजे बॉल ज्या चढावरून वर जातो त्याचं तोंड 50 मिमी रुंद आणि फ्लिपरपासून 700 मिमी लांब आहे. बॉल 27 चा, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साडेअकरा मिलीमीटर जागा उरली. कोनात सांगायचं तर जेमतेम एक अंश. फ्लिपर पापणी लवायच्या आत फिरतो आणि त्या फेरीतल्या नेमक्या क्षणी बॉल त्याच्यावर कुठे आहे, यावर तो एक अंश ठरतो. हे कॉम्प्युटरवर काढता येतं, नाही असं नाही. पण फ्लिपरवर रबर असतं, रबर जुनं होतं. ज्या बुशमध्ये त्याचा दांडा फिरतो ती झिजते. मशीनचा उतार साधारण साडेसहा अंश ठेवायचा असतो आणि तो ठरवतो बारचा मालक, पायाखालचे स्क्रू फिरवून, बहुतेक वेळा डोळ्यांच्या अंदाजाने.

त्यात कॉइल तापते. फ्लिपरच्या खाली सोलेनॉइड असतो, म्हणजे करंट मिळाला की आतली दांडी ओढणारी कॉइल. बटण दाबलं की त्याला क्षणभर पूर्ण करंट मिळतो, आणि फ्लिपर वर पोचला की फक्त धरून ठेवण्यापुरता. पूर्ण करंट चालूच राहिला तर कॉइल जळते. माझ्या मशीनमध्ये हेच झालं होतं. कॉइलवरचा कागद करपून तपकिरी झाला होता, आणि झाकण उघडल्यावर जो वास आला तो आमच्या वस्तीतल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातला. एकदम घरी गेल्यासारखं वाटलं.

कॉइल जळली नाही तरी तापते, आणि तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्क्यांनी वाढतो. 50 अंश तापली तर 20 टक्के जास्त रोध, म्हणजे करंट सहा भागांतला पाच भाग उरला. ओढ करंटच्या वर्गावर जाते, त्यामुळे कागदावर तरी ताकद तीस टक्क्यांनी उतरली. संध्याकाळी सहाला आरामात चढणारा रॅम्प रात्री दहाला निम्म्यातून बॉल परत पाठवतो. डिझायनरला दोन्ही वेळांचा विचार करायचा असतो.

'ॲडम्स फॅमिली'त यावर पॅट लॉलर आणि लॅरी डीमार या डिझायनर जोडीने जे केलंय ते मला आजही अफलातून वाटतं. त्यात एक शॉट मशीन स्वतः मारतं. वरचा एक फ्लिपर तुम्ही हात न लावता फिरतो आणि बॉल भोकात टाकायला बघतो. नेम चुकला तर सॉफ्टवेअर पुढच्या वेळची वेळ किंचित मागेपुढे करतं. प्रत्येक मशीनची झीज, उतार, रबर वेगळं, मग फॅक्टरीत एक आकडा ठरवून कसं भागेल? त्याने आपापलं शिकावं. तेही 1992 मध्ये. मी नवी कॉइल बसवली तेव्हा पहिले काही नेम चुकले, मग लागायला लागले. मी त्यात काहीही केलं नव्हतं.

म्हणूनच चित्र, दिवे, आवाज काहीही नसताना आधी नुसत्या कोऱ्या प्लायवर खिळे, फ्लिपर, रॅम्प ठोकून मशीन बनवतात. त्याला इथे 'व्हाइटवुड' म्हणतात. त्यावर खेळत बसायचं आणि भोकं हलवत बसायचं. बॉल कुठे अडकतो ते इथेच कळतं, आणि तो अडकतोच. दोन खांबांच्या मध्ये, रॅम्पच्या काठावर, जिथे तो पोचेल असं कुणाच्या स्वप्नातही नसतं तिथे. सगळ्या जागा सापडत नाहीत हे मान्य करून मशीनमध्येच उपाय ठेवलेला असतो: काही सेकंद एकही स्विच लागला नाही तर ते एकेक कॉइल उडवून बॉल शोधतं. रात्री शांत असताना ते खडखडायला लागलं की आमची ही वरून विचारते, "भूत आलं का?"

आता लाकूड. कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच कळेल. बोर्ड सपाट आणि गुळगुळीत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. पण कॅरमला भोकं चारच. पिनबॉलच्या प्लायला दिव्यांसाठी, टार्गेटसाठी, खांबांसाठी शेकडो भोकं पाडतात. दिव्यांच्या भोकांत पारदर्शक प्लास्टिकच्या चकत्या चिकटवून लाकडाशी सपाट घासतात, वर छपाई, वर क्लिअर कोट. पावसाळ्यात दार फुगतं तसं लाकूडही हवेतल्या ओलाव्याने हलतं, प्लास्टिक हलत नाही. मग चकती केसभर वर येते किंवा खाली जाते आणि बॉल तिथे ठेचकाळतो. क्लिअर कोट नीट वाळायला वेळ लागतो, आणि कारखान्यात ऑर्डरी तुंबलेल्या असल्या की वेळच नसतो. माझ्या एका मित्राने नवंकोरं मशीन घेतलं, कंपनीचं नाव घेत नाही. महिन्याभरात दोन खांबांच्या बुडाशी कोट गोळा होऊन उचलला आणि खालच्या चित्रासकट टवका निघाला. हजारो डॉलर मोजून माणूस टॉर्च घेऊन पोपडे शोधत बसतो, तेव्हा त्याला काय बोलायचं! बाकी पृष्ठभागावर बारीक खळगे पडतात त्याची तक्रार करू नये. 80 ग्रॅमचं स्टील लाकडावर आदळणार तर खळगे पडणारच. ते सगळीकडे सारखे झाले की दिसेनासे होतात.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. एका मशीनमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास भाग आणि सुमारे अर्धा मैल वायर असते असं इथले लोक सांगतात. जवळजवळ सगळं हाताने बसवलेलं. नव्या मशीनमध्ये छोटे छोटे बोर्ड जागोजागी लावून वायर कमी केलीय, पण मग बोर्ड बिघडला तर आमच्यासारख्यांना सोल्डरिंग गन घेऊन काही करता येत नाही, आख्खा बोर्डच बदलायचा.

महाग का, याचं खरं उत्तर माझ्या धंद्यात आहे. समजा एका रॅम्पचा मोल्ड 20 हजार डॉलरला पडला. 'ॲडम्स फॅमिली' 20,270 विकली गेली, फ्लिपरवाल्या मशीनमधला तो आजवरचा विक्रम. तिथे मोल्डचा बोजा दर मशीनमागे एक डॉलर. तोच रॅम्प हजार मशीनसाठी केला तर वीस डॉलर. आणि असे भाग किती! 1999 मध्ये विल्यम्सने पिनबॉल बंद केलं, त्यानंतर दहा-बारा वर्षं मैदानात जवळपास एकटी स्टर्नच होती. 2013 मध्ये जर्सी जॅकचं 'विझार्ड ऑफ ओझ' आलं, पुढे आणखी छोटे कारखाने आले, पण कुणीही एका खेळाची वीस हजार मशीन काढत नाही. गाडीइतका गुंता आणि भांडीवाल्याइतका माल, अशी गत.

गिऱ्हाईकही बदललंय. पूर्वी मशीन बारमध्ये असायचं, मालकाला बॉल लवकर जाऊन पुढचं नाणं पडायला हवं असायचं. आता बरीच मशीन घरात जातात, आणि घरच्या माणसाला पाच वर्षं कंटाळा न येणारे नियम हवेत. एकाच लाकडावर दोघांना खूश करायचं. त्यात स्टर्न एकच खेळ तीन किमतींत काढते, त्यातलं स्वस्तातलं सात हजार डॉलरच्या घरात. म्हणजे महागड्यातलं एखादं यंत्र काढून टाकलं तरी स्वस्तातला शॉट पांगळा वाटता कामा नये. हे गणित मला रॅम्पपेक्षा अवघड वाटतं. सिनेमाचं किंवा बँडचं नाव वापरायचं तर चित्रापासून आवाजापर्यंत परवानग्या, ते वेगळंच.

आता कोल्हापूर. भाग बनतील, सगळे बनतील. कॉइल गुंडाळणारे आहेत, पत्रा वाकवणारे आहेत, मोल्ड तर आम्हीच करतो. अडेल ते खेळणाऱ्यांपाशी. व्हाइटवुडवर तासन् तास खेळून "हा शॉट दोन मिलीमीटर डावीकडे हवा" असं सांगणारी माणसं शिकागोत आहेत, कारण त्यांच्या दोन-तीन पिढ्या बारमध्ये नाणी टाकत मोठ्या झाल्या. आपल्याकडे तशी नजर कॅरमची आहे. आणि तयार मशीन शंभर किलोच्या वरचं, ते अमेरिकेला पाठवायचं भाडं धरलं की मजुरीतली बचत बोटीतच संपते.

तरीही हात शिवशिवत असतील तर कारखान्याचा विचार सोडा. अर्ध्या इंचाचा चांगला प्लाय, दोन फ्लिपर, एक रॅम्प, बस. फ्लिपरचे दांडे एकमेकांपासून किती अंतरावर ते आधी पुठ्ठ्यावर ठरवा, ते चुकलं तर बाकी सगळी भोकं बुजवून परत पाडावी लागतात (मी तीनदा पाडली). बॉल बेअरिंगच्या दुकानात मिळेल, एक इंच एक सूत मागा, सूत सोळाचं, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. चकचकीत बघून घ्या. ओरखडा असलेली गोळी लाकडावर पॉलिशपेपरसारखी चालते.